बोटीचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दर दोन वर्षांनी, आणि तेही उजव्याच बाजूचं, का सडतं?

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं लहानसं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक सरफेस ग्राइंडर आणि कोपऱ्यात पाण्याची टाकी. कास्टिंगची तोंडं बंद करून, आत हवा भरून ते या टाकीत बुडवायचं आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, हे आमचं रोजचं काम. बेळगावला समुद्र नाही, पण आंबोली आणि चोर्ला असे दोन घाट आहेत. ओतकाम आणि मशीनिंग दोन्ही एकाच गावात होतं म्हणून वेंगुर्ला, मालवण, गोवा, कारवार इकडून बोटींचे पार्ट टेम्पोत पडून वर येतात. त्यात सगळ्यात जास्त वेळा परत येणारा पार्ट म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला जळालेला वायू बाहेर नेणारी ओतीव नळी, आणि त्याच्या डोक्यावर बसणारा रायझर.

प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: खाऱ्या पाण्यात हे टिकतं तरी किती? आधी तेवढं सांगतो. समुद्राचंच पाणी थेट फिरवून थंड होणाऱ्या पेट्रोल इंजिनावर ओतीव लोखंडाचा रायझर ३ ते ५ वर्षं आणि मॅनिफोल्ड ५ ते ७ वर्षं धरून चालावं. मॅनिफोल्डमध्ये कूलंट फिरत असेल आणि समुद्राचं पाणी फक्त ते कूलंट थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरमधून जात असेल, तर मॅनिफोल्ड १० वर्षं आरामात काढतं. पण तिथेही रायझरमध्ये शेवटी समुद्राचंच पाणी मिसळतं, त्यामुळे रायझरचं आयुष्य काही वाढत नाही. धरणाच्या गोड्या पाण्यात हाच पार्ट १५ वर्षांनंतरही धडधाकट निघतो. आणि खाऱ्या पाण्यात चालवून, न धुता तसाच ठेवून दिला, तर दुसऱ्या पावसाळ्यानंतर हातात येतो.

या आकड्यांत इंजिन किती तास चालवलं याचा उल्लेख मी मुद्दाम केलेला नाही. मीटरवरचे तास बघून मॅनिफोल्डचं वय ठरवणं ही मला दिसलेली सगळ्यात महागडी चूक आहे. ती मी स्वतः केली, म्हणून हे लिहायला बसलो.

वेंगुर्ल्याकडच्या एका बोटमालकांची पर्यटकांना फिरवणारी स्पीडबोट आहे, ४.३ लिटरच्या व्ही-६ पेट्रोल इंजिनाची, म्हणजे सिलिंडर डाव्या-उजव्या दोन रांगांत आणि प्रत्येक बाजूला एक मॅनिफोल्ड. माणूस काटेकोर. मोसमात बोट रोज धुतो, ऑइल वेळेवर बदलतो. मेअखेरीस धंदा बंद झाला की बोट वाळूवर ओढून ताडपत्री टाकतो आणि ऑक्टोबरच्या आसपास परत पाण्यात सोडतो. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा ते उजवं मॅनिफोल्ड घेऊन आले. टाकीत टाकलं, हवा सोडली आणि आमचा कन्नड पोरगा लगेच ओरडला, "सोराकत्तैत्रि!" गळत होतंच. नवीन बसवलं. दोन वर्षांनी पुन्हा त्यांचा फोन आला, "मिस्त्रीनू, परत तसाच झाला हा." पुन्हा उजवंच. डावं मात्र तेच, जुनंच, टाकीत एक बुडबुडा न सोडणारं. त्याच्यानंतर दोन वर्षांनी तिसऱ्यांदा उजवं. तासांच्या मीटरवर मधल्या दोन वर्षांत जेमतेम दोनशे तास चढले होते.

तास इतके कमी, म्हणून दुसऱ्या खेपेला मी कास्टिंगला दोष दिला. पार्ट स्वस्तातला होता, त्यामुळे दोष देणं सोपं गेलं. तिसऱ्या वेळी पार्ट चांगला होता. मग मात्र आमच्या जुन्या फोरमनांनी ते मॅनिफोल्ड बँडसॉवर आडवं कापायला लावलं, पाव कापतो तशा चकत्या.

मॅनिफोल्ड आतून कसं असतं ते माहीत असेल तर पुढचं नीट कळेल. मधे जळालेल्या वायूची नळी, तिच्याभोवती दुसरी भिंत आणि दोन्ही भिंतींच्या मधल्या पोकळीत पाणी. या पोकळीला आम्ही जॅकेट म्हणतो. भिंत नवी असताना ५-६ मिलिमीटरची असते. आतली भिंत एकीकडून पेटलेल्या वायूने तापते आणि दुसरीकडून पाण्याने थंड होते. रायझरच्या पुढे हे पाणी वायूत मिसळून रबरी होजमधून बाहेर पडतं. आतल्या भिंतीला टाचणीएवढं भोक पडलं की पाणी वायूच्या नळीत उतरतं आणि इंजिन बंद असताना उघड्या राहिलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये जातं.

तर चकती हातात घेतली. वरवर बघता भिंत पूर्ण जाडीची होती. मी म्हटलं, काही गेलेलं नाही. फोरमन म्हणाले, "नुसतं काय बघूलालास? खरवड की जरा." खिशातल्या चाकूने खरवडलं तर लोखंडाचा किस निघालाच नाही. काळी, मऊ पूड निघाली, पेन्सिलीच्या शिशासारखी, बोटाला चिकटणारी. चाकूचं टोक ३ मिलिमीटर आत गेलं तेव्हा कुठे धातू लागला. ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे या ओतीव लोखंडात, ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांचं जाळं असतं. खारं पाणी मधलं लोखंड खाऊन टाकतं आणि ग्रॅफाइटचा सांगाडा गंजासकट जागेवर राहतो. आकार तोच, जाडीही तीच, ताकद शून्य. म्हणून कॅलिपरने मोजून "भिंत शाबूत आहे" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आधी खरवडा, मग मोजा. लहान हातोडीने ठोकूनही अंदाज येतो. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं भद्द वाजतं.

पण त्या चकतीत खरी गोष्ट वेगळीच होती. सडका भाग सगळीकडे सारखा नव्हता. बाहेरच्या अंगाला, खालच्या बाजूला, एका सरळ रेषेपर्यंत भिंत खाल्लेली होती आणि त्या रेषेवर तर सगळ्यात खोल चर होता. रेषेच्या वरचा भाग बरा होता. आणि ही रेषा तिरपी होती. चकती टेबलावर इंजिनावर बसते तशी उभी धरली तर रेषा एका बाजूला उतरती दिसायची. रेषा आडवी येईपर्यंत चकती फिरवली, तर मॅनिफोल्ड उजवीकडे कललं.

मेअखेरीस मी स्वतः आंबोली उतरून खाली गेलो. बोट वाळूवर होती. तिच्या पोटाखाली एका बाजूला लाकडी ठोकळे आणि बोट उजवीकडे कललेली, अगदी तेवढीच. दरवर्षी त्याच झाडाखाली, त्याच उतारावर. मालकांनी ड्रेन प्लग, म्हणजे जॅकेटमधलं पाणी सोडायची बुचं, काढलेले होते, दोन्ही बाजूंचे. आता या इंजिनावर मॅनिफोल्डचा ड्रेन प्लग आतल्या अंगाला, म्हणजे इंजिनाकडे, खाली आहे. बोट उजवीकडे कलली की डाव्या मॅनिफोल्डचं पाणी प्लगकडे धावतं आणि सगळं निघून जातं. उजव्याचं पाणी प्लगपासून लांब, बाहेरच्या कोपऱ्यात जमतं आणि तिथेच राहतं. चार महिने.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. इंजिन चालू असताना जॅकेट पाण्याने भरलेलं असतं, हवेला आत वाव कमी, गंज त्या मानाने सावकाश चढतो. इंजिन थांबून अर्धं जॅकेट रिकामं झालं की मिठाचं पाणी, वर ओली हवा आणि ताडपत्रीखालची उष्णता असं सगळं एकत्र येतं. पाणी आणि हवा मिळतात त्या रेषेवर गंज सगळ्यात जोरात खातो. लाकडी खांब बंदरात पाण्याच्या रेषेशीच आधी झिजतो, तसंच हे. दोनशे तास बोट चालली त्यात त्या मॅनिफोल्डचं फारसं काही बिघडलं नव्हतं. ते सडलं बोट झाडाखाली झोपलेली असताना.

त्या दिवशी ठोकळे हलवून आम्ही बोट डावी-उजवी सपाट केली. प्लगच्या भोकात सळई घातली तेव्हा उजव्या बाजूने साधारण अर्धा तांब्या तांबडं पाणी आलं आणि मागून गंजाचे पोपडे. ही सळई घालणं विसरू नका. प्लग काढल्यावर पाणी आलं नाही म्हणजे जॅकेट रिकामं झालं असं नाही. बऱ्याचदा भोकावर पोपडा आडवा बसलेला असतो.

तुमच्या बोटीवर कारण हेच असेल असं नाही, म्हणून आमच्याकडे आलेली बाकीची कारणंही सांगतो.

आधी लक्षणं. थंड इंजिन स्टार्टरवर "टक्" करून अडकलं, तर दुसऱ्यांदा किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे स्पार्क प्लग काढा आणि क्रँक हाताने फिरवा. एका सिलिंडरमधून पाणी आलं किंवा एकाच बाजूच्या प्लगांच्या टोकाला तांबूस गंज दिसला, तर त्या बाजूचं मॅनिफोल्ड किंवा रायझर संशयित. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी खालपर्यंत पोचलंय, ऑइल लगेच बदला. पाणी काढून झाल्यावर सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून इंजिन त्याच दिवशी चालवता आलं पाहिजे. "उद्या बघू" म्हटलं की सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरतो आणि पाच-दहा हजारांचं काम लाखावर जातं.

पाणी यायच्या आधीचं लक्षण म्हणजे उष्णता. तापमान मोजायची इन्फ्रारेड गन आता कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. इंजिन चांगलं गरम झाल्यावर दोन्ही रायझरवर त्याच ठिकाणी मोजा. समुद्राच्या पाण्यावर थेट चालणाऱ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून पाणी फिरू देणारा व्हॉल्व्ह) साधारण ६० अंशांचा असतो, तेव्हा रायझर फार तर त्याच्या आसपास असावा. एक बाजू दुसरीपेक्षा १५-२० अंशांनी जास्त तापत असेल, रायझरचा रंग करपला असेल किंवा रबरी होज कडक होऊन चिरत असेल, तर आतली पाण्याची वाट बुजत चालली आहे. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. भिंत पातळ होते आणि वाट अरुंद होते, दोन्ही एकाच वेळी.

इथे एक सूचना मनापासून देतो. वाट बुजली म्हणून रायझर अॅसिडमध्ये टाकून साफ करू नका. अॅसिडने वाट मोकळी होते, पाणी छान वाहतं, मालक खूश होतो. पण ज्या ठिकाणी गंजच भोक बुजवून धरत होता तिथे आता भोक उरतं. असा रायझर बसवून गेलेली बोट महिन्याभरात इंजिनासकट परत आलेली मी बघितली आहे. वेल्डिंगचंही तेच. खाऱ्या पाण्यात राहिलेल्या ओतीव लोखंडावर निकेलच्या रॉडने टाका लागतो, पण तो लागतो शिल्लक असलेल्या धातूला, आणि शेजारी ग्रॅफाइटचा सांगाडा असतो. टाका थंड होताना शेजारीच तडा जातो. एक्झॉस्टचा वायू गळून केबिनमध्ये साठला तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो, म्हणून या पार्टवर जुगाड मी करत नाही. कुणी आग्रह केला तरी नाही.

नवा रायझर वारंवार बुजत असेल तर पाण्याच्या पंपाचा इंपेलर काढून त्याची पाती मोजा. रबराचं एखादं पातं तुटलेलं असलं तर ते कुठे गेलं ते शोधल्याशिवाय थांबू नका. आमच्याकडे आलेल्या एका रायझरच्या तोंडाशी अशी दोन पाती अडकलेली होती, आणि मालकाने वर्षभर तीन पॅकिंगं बदलली होती.

पॅकिंग बदलताना जुनं फेकण्याआधी उजेडात धरा. पाण्याच्या भोकापासून वायूच्या भोकापर्यंत तांबूस रेघ गेलेली दिसली तर गळती कास्टिंगमधून नाही, जोडातून आहे. मॅनिफोल्ड आणि रायझरचे फेस, म्हणजे एकमेकांवर बसणारे सपाट भाग, सरळपट्टी लावून बघा, खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी असेल तर फेस घासून घ्या, पण खरवडून धातू चांगला आहे अशी खात्री झाल्यावरच. नट कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कने आवळा आणि इंजिन एकदा तापून थंड झालं की पुन्हा एकदा पाना लावा.

डिझेल इंजिनवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. एल्बो (रायझरच्या जागी बसणारा वाकडा पाइप) चांगला, पॅकिंग चांगलं, तरी सिलिंडरमध्ये पाणी येतं, असा प्रकार दोन-तीन वेळा आमच्याकडे आला. कारण स्टार्टर होता. इंजिन पटकन सुरू होत नाही म्हणून मिनिटभर स्टार्टर मारत राहायचं. तेवढ्या वेळात पंप पाणी ढकलत असतो, पण ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो. पाणी मफलरमध्ये भरतं, वर चढतं आणि उलटं इंजिनात येतं. इंजिन रुसलं असेल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करून स्टार्टर मारा, आणि सुरू झाल्याक्षणी कॉक उघडा.

स्टीलचा एल्बो बसवला की सुटलो, असंही बरेच जण विचारतात. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस खाऱ्या पाण्यात बरं टिकतं, पण वाहत्या पाण्यात. थांबलेल्या गरम खाऱ्या पाण्यात, पॅकिंगखाली आणि वेल्डच्या शेजारी त्याला खड्डे पडतात आणि ते बाहेरून दिसतच नाहीत. शिवाय स्टेनलेस ज्या लोखंडी मॅनिफोल्डला जोडलं जातं ते लोखंड जास्त वेगाने खाल्लं जातं. बोटीच्या तळाला लावलेला झिंक, म्हणजे बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा ठोकळा, जॅकेटच्या आत काही उपयोगाचा नाही.

आता आमच्याच गावचं बोलतो. बाहेरून येणारा पार्ट महाग पडतो, म्हणून खालचे लोक जुना पार्ट घेऊन येतात आणि म्हणतात, असाच ओतून द्या. बेळगावात ते होतं, आणि चांगलं होतं. एफजी २०० (ग्रे आयर्नचा ग्रेड) किंवा त्यावरचं लोखंड मागा. पण जॅकेटची पोकळी ज्या वाळूच्या कोअरने तयार होते तो कोअर ओतताना जरासा जरी सरकला, तर एक भिंत ७ मिलिमीटरची आणि समोरची ३ मिलिमीटरची होते. दिसायला कास्टिंग सुंदर. कोअरला आधार द्यायला लावलेला चॅपलेट लोखंडात नीट वितळला नाही तर तिथून पुढे गळती सुरू होते. आणि पोकळीत अडकून राहिलेली वाळू पहिल्याच महिन्यात रायझरचं तोंड बंद करते. त्यामुळे ओतून घ्या, पण तीन गोष्टी स्वतः समोर उभं राहून बघा. अल्ट्रासॉनिक गेजने चारही बाजूंची भिंत मोजून घ्या. सगळी तोंडं बंद करून १ ते १.५ बार हवा भरून पाण्यात १५ मिनिटं ठेवायला सांगा, बुडबुडा एकही नको. आणि जॅकेटमधून होजने जोरात पाणी सोडून ते स्वच्छ येईपर्यंत थांबा. हे करायला जो कंटाळा करेल त्याच्याकडून पार्ट घेऊ नका, तो माझा शेजारी असला तरी.

बोट ठेवायच्या वेळी काय करायचं, ते शेवटी. किनारपट्टीवर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि पर्यटनाच्या बोटी त्याहून जास्त दिवस उभ्या राहतात. ओढून ठेवण्याआधी २०० लिटरच्या ड्रममध्ये गोडं पाणी भरा, पंपाच्या सक्शनची नळी त्यात सोडा आणि इंजिन आयडलवर चालवा. इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडला पाहिजे, नाहीतर ब्लॉकमधलं मीठ तसंच राहतं. ड्रम पटकन संपतो, म्हणून दुसरा भरून जवळ ठेवा. नळाची होज दाबाने थेट जोडून, इंजिन बंद ठेवून पाणी कधीही सोडू नका. ते एक्झॉस्ट भरून सिलिंडरमध्ये जाईल. मग बोट लेव्हल बाटलीने आडवी-उभी सपाट करा, प्लग काढा, सळई घाला, पाणी पूर्ण उतरू द्या. त्यानंतर प्लग लावून जॅकेट गंजरोधक कूलंटने काठोकाठ भरून ठेवलं तर त्याहून उत्तम, कारण मग आत हवाच राहत नाही. ऑक्टोबरमध्ये ते कूलंट कॅनमध्ये काढून घ्या, वाळूवर सोडू नका. ते गोड लागतं म्हणून कुत्री आणि गुरं चाटतात आणि मरतात.

नवा पार्ट बसवला की फ्लँजवर नंबर पंचने महिना आणि वर्ष ठोका. स्टिकर निघून जातो, वही हरवते. रायझर तीन वर्षांनी आणि मॅनिफोल्ड चार वर्षांनी उघडून बघायचं, चालत असलं तरी.

वेंगुर्ल्याच्या त्या बोटीचं उजवं मॅनिफोल्ड मागच्या महिन्यात दोन वर्षांचं झालं. त्यांनी काढून वर पाठवलं, मी सांगितलं होतं म्हणून. टाकीत पंधरा मिनिटं ठेवलं, एकही बुडबुडा आला नाही. प्लगच्या भोकातून चाकूचं टोक घालून खरवडलं तर वर तांबडा पातळ थर होता आणि खाली लगेच चकचकीत धातू. नवं पॅकिंग घालून परत पाठवलं आहे. बोट आता त्याच झाडाखाली आहे, पण ठोकळे दोन्ही बाजूंना आहेत.